आवतण दिलेला बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या गोठ्यावरून जाताना हळद-लोण्याचा वास आला, की माझी पावलं आजही थांबतात. ज्या प्रकरणामुळे ती थांबतात, ते आता निवांत सांगायला हरकत नाही. मी निवृत्त झालोय, कोर्टाचं काम संपलंय, आणि त्यातली बरीच माणसं अजून मला फोन करतात. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेलच.

मुखेडच्या पुढे, लातूरच्या हद्दीला टेकलेलं ते गाव. कागदावर शहर, कारण ग्रामपंचायतीची नुकतीच नगरपंचायत झाली होती. पाटी बदलली, सरपंच गेले, गल्लीगल्लीला नगरसेवक आले. बाकी काही बदललं नव्हतं. आठवडी बाजाराच्या दिवशी एसटी तशीच बाजारात अडकायची आणि नगरपंचायतीच्या नव्या ओट्यावर शेळ्या तशाच बसायच्या. मी तिथं ठाणेदार होतो, सहायक पोलीस निरीक्षक. हाताशी एक हवालदार होते. तिकडे हवालदाराला जमादार म्हणतात. गावातलं कुठलं कुत्रं कुणाचं हेही त्यांना माहीत असायचं, फक्त विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत.

पोळ्याला आठवडा असताना शांतता समितीची बैठक घेतली. अशा बैठकीत चहा होतो, एकमेकांचं कौतुक होतं आणि सगळे घरी जातात. त्या वर्षी तसं झालं नाही. गावची रीत अशी, की अमावास्येला दिवस कलताना सगळे बैल वेशीत जमायचे, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं, आणि त्या तोरणाखालून पहिला बैल एकाच घराचा जायचा. त्या घरच्या कर्त्याला सगळं गाव मालक म्हणायचं. सत्तरीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचा बैल गेला की मग इतरांचे, आणि पोळा फुटायचा. मानात दुसरा नंबर असलेल्या घराचा मुलगा आता नगरसेवक झाला होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. बैठकीत तो उठून म्हणाला, पाटीलकी गेली, सरपंचकी गेली, आता मान वॉर्डाप्रमाणे फिरता पाहिजे. म्हाताऱ्यांनी त्याला ऐकून घेतलं आणि खाली बसवलं. बसताना त्यानं एक प्रश्न विचारला, तो माझ्या कानात राहिला. मानाचा बैल वेशीत आलाच नाही तर काय, असं त्यानं विचारलं. एक म्हातारा म्हणाला, तर मान पुढच्या घराला, आणि एकदा गेला तो गेला, परत येत नसतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर ठाण्यात आरडाओरड झाली. मालकांचा मानाचा बैल चोरीला गेला होता.

झालं होतं असं. मालकांचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राहणारा गडी, बैलजोडी नाल ठोकायला नालबंदाकडे घेऊन आला होता. वेशीजवळच्या चिंचेखाली त्या नालबंदाची जागा. गाव त्याला चाचा म्हणायचं. त्याच्या बापानं आणि आजोबानंही त्याच चिंचेखाली गावाच्या बैलांना नाल ठोकले होते. दोन्ही बैलांचं काम झालं, सालगडी गोंडे-माळा घ्यायला बाजारात गेला, चाचा नमाजाला गेला. दोघं परत आले तेव्हा झाडाला एकच बैल होता.

आता तुम्ही म्हणाल, भरदिवसा एवढा बैल कसा जातो? अहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी जातो. त्या दिवशी सगळं गाव बैल घेऊन इकडून तिकडे हिंडत असतं. त्यात आमच्याकडचे लाल कंधारी बैल, नखशिखांत एकाच रंगाचे. पाठीवर झूल टाकली, की कासरा धरलेला माणूस कोण आणि बैल कुणाचा हे पाहायला कुणाला सवड नसते.

तासाभरात ठाण्यासमोर माणसं जमली. बोलणं एकच होतं, नालबंदानं बैल विकला, कसायाच्या गाडीत घातला. कुणी पाहिलं? कुणीच नाही. पण ऐकलं सगळ्यांनी होतं. चिंचेखालचं चाचाचं छप्पर कुणीतरी उलथून टाकलं होतं, हातोडी-चिमटे रस्त्यावर फेकले होते. गर्दीच्या पुढे होता भाऊ. नालबंदाला ताबडतोब अटक करा, नाहीतर उद्याच्या पोळ्याला काय होईल त्याची जबाबदारी आमची नाही, असं तो मला ऐकवत होता. मी भडकलो. जबाबदारी कुणाची हे मी ठरवतो, असं त्याला सर्वांसमोर सुनावलं आणि गर्दी फाटकाबाहेर काढली. तरण्या पोरांच्या डोळ्यांत राग होता तो खरा होता. भाऊच्या आवाजात राग होता, पण डोळे माझ्या टेबलावर कोण काय लिहितंय तिकडे होते. एवढं मी टिपून ठेवलं. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

चाचाला मी ठाण्यात आणून बसवलं होतं. अटक नव्हे, बाहेर सोडला असता तर लोकांनी फाडला असता म्हणून. विचारपूस मीच केली. साठीचा वाकलेला माणूस. हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. नमाजाला किती वेळ लागला, जाताना कोण भेटलं, कुणी नवखा दिसला का, सगळं विचारलं. तो सरळ उत्तरं देत होता. खोटं बोलणाऱ्याला सगळं नीट आठवतं, खरं बोलणारा मध्येच म्हणतो, आठवत नाही. चाचा तीनदा म्हणाला, आठवत नाही. मी त्याला म्हटलं, घाबरू नका, तुम्हाला गावातून कुणी हाकलणार नाही, मी आहे.

तो म्हणाला, "साब, हाकलणार कुनीच न्हाई. पण उद्यापासून माझ्या दारात कुनी बैल आणणार न्हाई. मग मी हितं कोन हाय?"

याला बैल सापडणं हेच उत्तर होतं, आणि तेही वेशीत पोळा फुटायच्या आत. नंतर सापडला असता तर बैल मिळाला असता, चाचा मिळाला नसता. मी नाकाबंदी लावली, मुखेड आणि अहमदपूरच्या रस्त्यांवर गाड्या तपासायला सांगितल्या, उपविभागीय अधिकाऱ्यांना कळवून जादा बंदोबस्त मागितला आणि फिर्याद घ्यायला स्वतः मालकांच्या घरी गेलो.

मालक पडवीत बसले होते. फिर्याद दिली, पण संशयित म्हणून नालबंदाचं नाव लिहा म्हणून मागे लागलेल्या पुतण्याला त्यांनी एका शब्दात गप्प केलं. माझा त्याच्यावर संशय नाही, तेवढं लिहा, असं मला म्हणाले. ओळख म्हणून बैलाच्या उजव्या कानाला चीर असल्याचं सांगितलं. मी गोठा पाहायला मागे गेलो. तिथं मालकीणबाई उभ्या होत्या.

इथं शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, तो खांदा हळद आणि लोण्यानं चोळायचा. चोळून झालं की बैलाला आवतण द्यायचं, म्हणजे जेवायचं आमंत्रण. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं बैलाला म्हणायचं. ज्यानं आवतण दिलं त्यानं दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊ घालायचीच. बैल ऐकतो, असं मी लहानपणापासून मानत आलोय. मीही शेतकऱ्याच्याच घरचा.

मालकीणबाईंनी एका बैलाचा खांदा चोळला होता. दुसऱ्या, रिकाम्या खुंट्याजवळ हळद-लोण्याची वाटी तशीच भरलेली होती. ती उचलायला त्यांचा हात होत नव्हता. ती वाटी लक्षात राहिली.

पोळ्याची सकाळ उजाडली आणि नाकाबंदीवर काहीच मिळालं नाही. एकाही गाडीत बैल नव्हता. याचा अर्थ मला बरा वाटला. बैल हद्दीबाहेर गेला नव्हता. पण गावात सकाळपासून कुजबुज वाढत होती. चाचाच्या बायकोनं ठाण्यात डबा आणला तर वाटेत तिला कुणी वाट दिली नाही, वळसा घालून यावं लागलं. संध्याकाळचं तोरण बांधायला सुरुवात झाली होती.

आणि मग जमादार आले. गणवेशाची वरची बटणं उघडी, हातात चहाचा कप तसाच. पोलीस लाइनीत सकाळी एक बाई पळसाच्या फांद्या विकायला आली होती. पोळ्याला दाराशी त्या लावतात. ती आखाड्या-आखाड्यावर जाऊन फांद्या देत फिरत होती. आमच्याकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. बोलता बोलता ती जमादारांच्या बायकोला म्हणाली, नगरसेवकाच्या म्हातारीचं बरं चाललंय, औंदा तीन बैलांचे पाय धुणार हाय. जमादारांच्या बायकोनं घरात येऊन नवऱ्याला विचारलं, भाऊनं नवा बैल कधी घेतला हो? जमादारांचा चहा घशातच अडकला. भाऊकडे दोनच बैल होते, आणि पोळ्याच्या तोंडावर तिसरा कुणी घेत नाही.

मी दोन पंच घेतले, जमादारांना घेतलं आणि जीप थेट आखाड्यावर नेली. सायरन नाही, धावपळ नाही.

भाऊ तिथंच होता. मला पाहून चेहरा उतरला, पण क्षणभरच. राजकारणात नवा असला तरी कामाचा होता. दोन्ही हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, साहेब, तुम्हालाच फोन करणार होतो. मालकांचा बैल सापडला. आज पहाटे आपोआप आमच्या आखाड्यावर आला. कुठून सुटून आला कोण जाणे, मी म्हटलं बांधून ठेवावा, वाजतगाजत घेऊन जावा.

गोठ्यात तीन बैल होते. उजव्या कानाला चीर असलेला तिसरा, मागच्या बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात. भाऊ जर असंच म्हणत राहिला असता, तर माझ्याकडे काय होतं? जनावर सुटून येऊ शकतं. कोर्टात कुठलाही वकील हेच म्हणाला असता, आणि गावात भाऊ बैल शोधणारा ठरला असता. वर त्यानं चाचाचं नाव कायमचं तसंच लटकत ठेवलं असतं.

मी बैलांजवळ गेलो. भाऊचे स्वतःचे दोन बैल सकाळी नदीवरून धुऊन आले होते, अंगावरचे केस ओले, चकचकीत. तिसऱ्याला अर्थातच नदीवर नेता आलेलं नव्हतं. मी त्याच्या मानेवरून हात मागे नेला, खांद्यावर ठेवला. हाताला तेलकट लागलं. बोटं उजेडात धरली. पिवळी होती.

लपवत नाही, त्या घडीला मला नाचावंसं वाटलं.

मी बोटं भाऊसमोर धरली आणि विचारलं, "बैल आज पहाटे आला म्हणता. मग काल संध्याकाळी याचा खांदा कुणी मळला?"

मालकांकडे मळला असेल, असं काहीतरी तो पुटपुटायला लागला. मी त्याला मालकांच्या गोठ्यातल्या भरलेल्या वाटीचं सांगितलं. त्यानं जमिनीकडे पाहिलं. पंच एकमेकांकडे पाहायला लागले. शेतकरी होते दोघंही, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. बैल चोरणारा माणूस झूल टाकतो, वाट बदलतो, गर्दीत पुढे उभा राहून दुसऱ्याच्या अटकेची मागणी करतो. सगळं सुचतं त्याला. पण खांदेमळणीच्या संध्याकाळी गोठ्यात बांधलेला बैल कोरडा राहू द्यायचा, हे त्याच्या घरात कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

तेवढ्यात त्याची आई चुलीपासून उठून आली. पदराला हात पुसत. जमादार बैलाचा कासरा सोडत होते ते तिनं पाहिलं आणि सरळ मध्ये येऊन उभी राहिली.

"थांबा वो. ह्याला कुठं नेता? काल सांजच्याला मी ह्याला आवतण दिलंय. जेवल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला हळू विचारलं, मावशी, हा बैल कुणाचा? ती म्हणाली, पाहुण्याचा, पोराच्या सासुरवाडीचा, त्यानंच सांगितलं. मी म्हटलं, हा मालकांचा मानाचा बैल आहे, आणि याच्यापायी कालपासून चाचा ठाण्यात बसलाय.

म्हातारी मुलाकडे वळली. आवाज चढवला नाही.

"चोरीच्या बैलाला आवतण द्यायला लावलास मला?"

भाऊ तिथंच खाली बसला. सगळं सांगितलं. चाचा नमाजाला गेला तेव्हा भाऊच्या गड्यानं बैल सोडला, झूल टाकली आणि ओढ्याच्या वाटेनं आणला. पोळा फुटेपर्यंत ठेवायचा, मान घ्यायचा आणि दोन दिवसांनी सापडला म्हणून परत द्यायचा, असा बेत होता. चाचाचं काय, असं मी विचारलं. त्याचा विचारच केला नव्हता, असं तो म्हणाला. तेव्हा मात्र माझा हात शिवशिवला. म्हातारी समोर होती म्हणून राहिलो.

पंचनामा केला. बैलाच्या खांद्यावरच्या हळदीची नोंद पंचनाम्यात करणारा जिल्ह्यातला बहुधा मी एकटाच ठाणेदार. बैल ठाण्यात कुठे बांधणार? कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या अटीवर मालकांच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर द्यायचं ठरवलं. आणि तरीही आम्ही लगेच निघालो नाही. म्हातारीनं पुरणपोळीचं ताट आणलं, बैलाचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं आणि त्याला भरवलं. पोलीस, पंच आणि आरोपी, सगळे बाजूला उभे राहून पाहत होतो. वेळ जात होता, जमादार घड्याळ दाखवत होते. पण दिलेलं आवतण मोडायचं माझ्या जिवावर आलं. बैलानं पोळी खाल्ली, ताट चाटलं आणि आणखी आहे का म्हणून म्हातारीच्या पदराला तोंड लावलं.

गावात आलो तेव्हा वेशीत बैलांची गर्दी झाली होती आणि माणसांची त्याहून जास्त. जीप पुढे, मागे बैल, कासरा जमादारांच्या हातात. बैल दिसल्याबरोबर हलगीवाल्यांनी न सांगता हलगी वाजवायला घेतली. भाऊला मी जीपमधून उतरवलं, मागून सोबत आलेली त्याची आईही उतरली. त्याला म्हटलं, कायद्याचं काम मी करीन, पण जे काल ठाण्यासमोर ओरडून सांगितलं ते आज इथंही ओरडून सांग. त्याला आवाज फुटेना. शेवटी त्याची म्हातारीच पुढे झाली. सगळ्या गावासमोर म्हणाली, बैल माझ्या पोरानं नेला होता, नालबंदाचा काही दोष न्हाई, ज्यानं त्याचं छप्पर पाडलं त्यानं ते आजच्या आज उभं करावं. मग पोरानंही मान खाली घालून तेच सांगितलं.

ठाण्यातून चाचाला आणलं होतं. मालक उठले. बैलाचा कासरा जमादारांच्या हातातून घेतला आणि चाचाच्या हातात दिला. चाचा मागे सरकला, नको नको म्हणायला लागला. मालक म्हणाले, "तुझ्या बापानं माझ्या बापाच्या बैलाला नाल ठोकले. मान बैलाचा हाय, कासरा कुनी धरायचा ते मी ठरवतो."

चाचा रडत होता आणि चालत होता. पोटभर पुरणपोळी खाल्लेला बैल त्याच्या मागे डुलत डुलत तोरणाखालून गेला आणि पोळा फुटला. असा पोळा मी पुन्हा पाहिला नाही. कालची तीच तरणी पोरं चाचाच्या मागे नाचत होती. माझ्याही टोपीवर कुणीतरी गुलाल टाकला. मी पुसला नाही, तसाच ठाण्यात गेलो आणि तसाच गुन्हा दाखल केला.

हो, दाखल केला. मिटवा म्हणणारे बरेच आले. मी नाही म्हटलं. बैल परत मिळाला म्हणून चोरी परत होत नाही. भाऊवर खटला चालला, त्याला त्याची शिक्षा मिळाली. पुढच्या वर्षी पोळ्याआधी चाचाच्या चिंचेखाली नेहमीपेक्षा जास्त बैल होते. त्यात भाऊची म्हातारी स्वतः आपली जोडी घेऊन आली होती.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली, ती मी पुढं नव्या पोरांना ठाण्यात सांगत आलो. आरोपीनं काय लपवलं ते शोधा, ते करतातच सगळे. त्याच्या घरात काय केल्याशिवाय राहवत नाही तेही शोधा. माणूस वाईट वागला तरी त्याच्या घरातलं सगळंच वाईट नसतं, आणि तपास बऱ्याचदा त्या उरलेल्या चांगल्यावरच लागतो. भाऊच्या म्हातारीनं खांदा मळला नसता, तर माझी नाकाबंदी आणि जादा बंदोबस्त काही कामाचा नव्हता.

आता मी नांदेडला राहतो. बैल नाही, शेत बटाईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलंय. पण दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजतो. चाचा आता थकलाय, ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर फार मोठ्यानं बोलतो. रामराम नाही, खुशाली नाही, पहिलं वाक्य एकच.

"साब, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

माझी बायको म्हणते, बैलाला देतात ते आवतण तुम्हाला देतो आणि तुम्ही जाता पण! मी म्हणतो, आवतण घेतलं की जावंच लागतं. आणि सकाळच्या एसटीनं निघतो.